पुस्तकावरून कोरियन स्वयंपाक शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन वर्षांपूर्वी भाचीने वाढदिवसाला कोरियन स्वयंपाकाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं. तोवर माझी मजल पोहे, खिचडी आणि रविवारची अंडाकरी इथवरच होती. आता त्या पुस्तकावर सोया सॉसचे डाग आहेत आणि मधली चार पानं एकमेकांना कायमची चिकटली आहेत. मी काही बल्लवाचार्य झालेलो नाही. पण शेजारी, मित्रमंडळी, ऑफिसातले लोक विचारतात ते फिरून फिरून तेच असतं, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

मला धड वरणभात येत नाही. हे जमेल का?

जमेल. उलट ज्याला आपला स्वयंपाक चांगला येतो त्याचा हात सारखा मोहरीच्या डब्याकडे जातो, आणि इथे फोडणी नाहीच. मसाले भाजणं, वाटण करणं, तेल सुटेपर्यंत परतणं यातलं फारसं काही करावं लागत नाही. रोजच्या कोरियन जेवणातलं पुष्कळ काम उकडणं, पिळणं आणि कालवणं एवढ्यावर भागतं.

सुरुवात पालकाच्या नामुलने करा. नामुल म्हणजे कालवलेली पालेभाजी. उकळत्या पाण्यात मीठ घालून पालक अर्धा मिनिट बुडवायचा, रंग गडद झाला की लगेच गार पाण्यात टाकायचा. मग दोन्ही तळव्यांत धरून पिळायचा. माझं चुकलं ते इथेच. मला वाटलं पिळला. दहा मिनिटांनी ताटलीत हिरव्या पाण्याचं तळं झालं आणि सगळी चव त्यात वाहून गेली. मोठी जुडी असली तरी एका लाडवाएवढा गोळा उरला पाहिजे, इतका घट्ट पिळा. तो दोनतीनदा कापा, त्यावर अर्धी पाकळी ठेचलेला लसूण, चहाचा चमचाभर सोया सॉस, तेवढंच भाजलेल्या तिळाचं तेल, थोडे तीळ घाला आणि हाताने कालवा. चमच्याने नको. कोरियन भाषेत 'सोनमात' असा शब्द आहे. सोन म्हणजे हात, मात म्हणजे चव. आपण 'तिच्या हाताला चव आहे' म्हणतो, अगदी तेच.

पुस्तक निवडताना काय बघावं?

फोटो बघून भुलू नका. आधी मापं बघा. ग्रॅम आणि मिलिलिटर दिले असतील तर पुस्तक घ्या. नुसते 'कप' असतील तर तो कप कुठला ते शोधा, कारण कोरियात कप २०० मिलिलिटरचा धरतात आणि अमेरिकेत साधारण २४० चा. पाककृती कोरियातल्या आणि पुस्तक अमेरिकेत छापलेलं, असं असलं की घोळ होतो. ६०० रुपयांचा छोटा वजनकाटा घेतलात तर पुढचे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत.

दुसरं, सामानाची ओळख करून देणारी पानं असावीत आणि त्यात पाकिटांचे, बरण्यांचे फोटो असावेत. दुकानात उभं राहिल्यावर तीच पानं उपयोगी पडतात.

कोरियन आया मापाच्या जागी 'जॉकदांगही' म्हणतात. म्हणजे बेताने, अंदाजाने. आपल्या आयांचं 'घाल की थोडंसं' हेच ते. त्या मानाने जुन्या कोरियन पाकपुस्तकांचं कौतुक वाटतं. जांग ग्ये-ह्यांग या बाईंनी उतारवयात, साधारण १६७० च्या सुमारास, 'उमशिक दिमिबांग' नावाचं पाकपुस्तक कोरियन लिपीत लिहिलं. त्यात १४६ कृती आहेत, आणि शेवटी लेकींना ताकीद आहे की हवं तर उतरवून न्या, पण मूळ पुस्तक घेऊन जाऊ नका. माझ्या भाचीला मी हे वाचून दाखवलं, कारण तिला आता तिने दिलेलं पुस्तक परत हवं आहे.

पदार्थांची नावंच वाचता येत नाहीत. काय करू?

सगळं नाव वाचू नका, शेपूट वाचा. कोरियन पदार्थाच्या नावात शेवटचा तुकडा बहुतेकदा कृती सांगतो. गुक म्हणजे पातळ रस्सा, ज्जिगे म्हणजे दाटसर आणि जास्त झणझणीत. बोक्कुम म्हणजे परतलेलं. जोरिम म्हणजे सोया सॉसच्या पाण्यात आटवलेलं. मुचिम म्हणजे हाताने कालवलेलं, आपल्या कोशिंबिरीच्या जवळचं. ज्जिम म्हणजे वाफवलेलं किंवा मंद शिजवलेलं, गुई म्हणजे निखाऱ्यावर किंवा तव्यावर भाजलेलं, ट्विगिम म्हणजे तळलेलं. जॉन म्हणजे सरळसरळ धिरडं. आणि बाप म्हणजे भात. बिबिंबाप (भाज्या घालून कालवलेला भात), गिंबाप (समुद्री शेवाळात गुंडाळलेला भात) यांतला बाप तोच. घरात यावर व्हायचे ते विनोद आमच्याकडे होऊन गेले आहेत.

एवढे नऊदहा तुकडे पाठ झाले की अनुक्रमणिका आपोआप बोलायला लागते. एकच शब्द एका पुस्तकात ग ने आणि दुसऱ्यात क ने लिहिलेला दिसला तर गोंधळू नका. तो उच्चार या दोन अक्षरांच्या मधला आहे.

सुरुवातीला सामान काय काय आणायचं?

पाच वस्तू: गोचुगारू (मिरचीची भरड), गोचुजांग, द्वेनजांग, कोरियन सोया सॉस आणि भाजलेल्या तिळाचं तेल. बाकी सगळं भाजीबाजारात आहे. पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात चाळीस वस्तूंची यादी असेल, ती घेऊन दुकानात जाऊ नका. मी गेलो होतो. त्यातली एक बाटली अजून सीलबंद आहे.

या पाचांतल्या तीन वस्तू सोयाबीनच्या, आणि त्यांची गोष्ट एकच आहे. सोयाबीन उकडून, कुटून त्याच्या विटा करतात, त्यांना मेजू म्हणतात. त्या वाळवून, बुरशी धरू देऊन मिठाच्या पाण्यात मडक्यांत घालतात. काही आठवड्यांनी वर काळपट पाणी आणि खाली लगदा वेगळा होतो. पाणी म्हणजे गानजांग, अर्थात सोया सॉस; लगदा म्हणजे द्वेनजांग. एकाच घुसळण्यातून लोणी आणि ताक निघावं तसं. गोचुजांग वेगळं घालतात: मेजूची पूड, मिरची, चिकट तांदूळ आणि मीठ, म्हणून ते गोडसर तिखट लागतं. जांग म्हणजे हे मुरवलेले सॉस आणि पेस्ट; ते घालण्याची परंपरा २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. लातूरकडच्या सोयाबीनचे ढीग बघत वाढलेल्या माझ्यासारख्याला याचं फार आश्चर्य वाटलं. आपण इतकं पिकवतो, आणि ते तेलाच्या घाण्यावर आणि कोंबड्यांच्या खाद्यात जातं.

पुण्याच्या आसपास रांजणगाव, तळेगाव पट्ट्यात कोरियन कंपन्यांचे कारखाने असल्याने शहरात कोरियन वाणसामान मिळतं. बाकीच्यांनी ऑनलाइन मागवावं. उघडल्यावर दोन्ही पेस्ट फ्रिजमध्ये ठेवा. महिनोन्‌महिने टिकतात.

चायनीजच्या गाडीवरचा घट्ट काळा सोया सॉस इथे नको. आणखी एक खोच आहे. कोरियन रश्श्यासाठीचा सोया सॉस, गुकगानजांग, रंगाला फिका पण चवीला जास्त खारट असतो. रंग बघून 'अजून थोडा' ओतलात की संपलं.

गोचुगारूऐवजी घरचं लाल तिखट चालेल का?

माझी पहिली किमची, म्हणजे मीठ लावून आंबवलेली भाजी, याच प्रश्नाच्या उत्तरात वाया गेली. पुस्तकात अर्धा कप गोचुगारू लिहिलं होतं. मिरचीची पूड ती मिरचीची पूड, असं म्हणून मी आईच्या डब्यातलं संकेश्वरी तिखट अर्धा कप घातलं. कालवतानाच हात पेटले. हातमोजे घाला असं पुस्तकात लिहिलं होतं, ते मी शहरी लोकांचे लाड समजून सोडून दिलं होतं. संध्याकाळी चष्मा पुसताना बोट डोळ्याला लागलं आणि मग अर्धा तास मी बेसिनपाशी होतो.

गोचुगारू ही बिया काढलेल्या, वाळवलेल्या मिरचीची भरड असते. तिखटपणा मध्यम, रंग लालबुंद, चव किंचित गोड आणि धुरकट. म्हणूनच ती कपाच्या मापाने घालता येते. नसेलच मिळत तर ब्याडगी मिरची घ्या, देठ आणि बिया काढा, तव्यावर जेमतेम गरम करा आणि मिक्सरला दोनतीन झटके देऊन भरड ठेवा. बारीक पूड केलीत तर किमचीचा चिखल होतो. काश्मिरी मिरचीही चालेल. संकेश्वरी, लवंगी यांच्या वाट्याला जाऊ नका.

आणि कोरियन जेवण म्हणजे लालभडक हा समज काढून टाका. मिरची तिकडे सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोचली असं साधारण मानतात. वर सांगितलेल्या १६७० च्या पुस्तकात ती एकाही कृतीत नाही. आजही पांढरी किमची होते, सोया सॉसमधली बिनतिखटाची तॉकबोक्की (तांदळाच्या नळ्यांचा पदार्थ) होते, नुसत्या तांदळाची पेज होते.

तिळाचं तेल तर घरात आहेच ना?

नाही. देवापाशी लावतो ते किंवा घाण्यावरचं तेल कच्च्या तिळाचं असतं. कोरियन तेल तीळ खरपूस भाजून काढलेलं, रंगाला चहासारखं. संक्रांतीला तीळ भाजताना घरभर पसरतो तो वास बाटलीत भरला आहे असं समजा. ते तळायला वापरायचं नाही. गॅस बंद केल्यावर शेवटी चमचाभर घालायचं.

बासमती चालेल का? कोणता तांदूळ घेऊ?

बासमती नको. काड्यांनी उचलता येईल असा, आखूड दाण्याचा, एकमेकाला धरून राहणारा भात हवा. पुस्तकात महागडा आयात तांदूळ लिहिलेला असेल. आपल्याकडे मावळातला इंद्रायणी आहे आणि तो झकास चालतो. आंबेमोहोरही चालतो, पण त्याचा वास कोरियन पदार्थांच्या अंगावर येतो. तांदूळ तीनचार पाण्यांनी धुवा, अर्धा तास भिजवा, एरवीपेक्षा पाणी थोडं कमी ठेवून कुकरला लावा. कोरियन घरांतही बहुतेक दाबाचे विजेचे कुकर असतात, त्यामुळे आपण काही पाप करत नाही. मीठ घालू नका. का, ते पुढच्या उत्तरात.

पुस्तकाप्रमाणे तंतोतंत केलं, तरी सगळं खारट आणि उग्र का लागतं?

सर्वांत जास्त हाच प्रश्न येतो. पहिले तीन महिने मीही हेच म्हणत होतो आणि प्रत्येक कृतीतलं मीठ कमी करत सुटलो होतो. मग पदार्थ पुळचट लागायला लागले.

चूक माझ्या वाचण्यात होती. पुस्तकात प्रत्येक पदार्थ सुटा छापलेला असतो. एक पान, एक फोटो, एक वाडगा. आपण तो करतो, पातेल्यातून चमचाभर घेऊन चाखतो आणि तोंड वाकडं करतो. पण तसं तो तिकडे कुणी खातच नाही. कोरियन जेवणाचं मध्यस्थान भाताला आहे, आणि तो भात बिनमिठाचा, त्यावर वरण नाही, तूप नाही. भाताचा घास घ्यायचा, मग रश्श्याचा चमचा, मग किमचीचा तुकडा, परत भात. चव पातेल्यात जुळवून आणलेलीच नसते, ती तोंडात जुळते. नुसतं लोणचं खाऊन 'फार खारट झालंय' म्हणणाऱ्याला आपण काय म्हणू?

आपल्याला खरं तर हे कळायला सोपं जायला हवं. आपल्या पानात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर असते आणि चटणी कुणी वाटीभर खात नाही. कोरियन तोंडीलावण्यांना बानचान म्हणतात. जुन्या रिवाजात ती तीन, पाच, सात, नऊ अशी मोजून मांडत आणि राजाला बारा. भात डाव्या हाताला, रस्सा उजव्या हाताला. वाडगा तोंडापाशी न उचलता चमच्याने भात खायचा.

तेव्हा पुस्तक पदार्थवार वाचू नका, ताटवार वाचा. आज जेवायला काय? भात, एक ज्जिगे, किमची आणि पालकाचा नामुल. एक खारट, एक आंबट, एक सौम्य. सगळं एका दिवशी करायचीही गरज नाही. बरीचशी बानचान फ्रिजमध्ये तीनचार दिवस राहतात. रविवारी दोन करून ठेवली की बुधवारपर्यंत भात आणि रस्साच तेवढा करायचा. माझ्या मते नवशिक्याने पहिले दोन महिने चारच पदार्थ करावेत, पण चारही एकत्र वाढून.

आम्ही शाकाहारी आहोत. काही जण कांदा-लसूणही खात नाहीत. मग?

बाजारच्या किमचीत बहुतेक वेळा आंबवलेली कोळंबी किंवा माशांचा सॉस असतो, म्हणून लेबल वाचल्याशिवाय घेऊ नका. रश्श्याचं पाणी सुक्या अँकोव्ही माशांचं असतं आणि पुस्तकात ते 'स्टॉक' या एका शब्दात दडलेलं असतं. गोचुजांग आणि द्वेनजांग सहसा शाकाहारी असतात, पण गव्हाची ॲलर्जी असेल तर जपा, दोन्हींत आणि सोया सॉसमध्येही गहू असू शकतो.

रश्श्यासाठी एक लिटर पाण्यात कोम्बू नावाने मिळणाऱ्या वाळक्या समुद्री शेवाळाचा तळहाताएवढा तुकडा आणि चारपाच सुकी शिताके अळंबी घालून मंद उकळा. शेवाळ दहा मिनिटांत काढून घ्या, नाहीतर बुळबुळीत होतं.

आणि चातुर्मासवाल्यांनी तर निर्धास्त राहावं. कोरियातल्या बौद्ध मठांच्या स्वयंपाकात मांस-मासळी नसतेच, शिवाय लसूण, कांदापात यांसारख्या पाच उग्र भाज्याही वर्ज्य असतात, कारण त्या मन चाळवतात. बेकयांगसा मंदिराच्या परिसरात राहणाऱ्या जॉंग क्वान या भिक्षुणी याच स्वयंपाकासाठी जगभर ओळखल्या जातात. पुस्तकात मठाच्या जेवणाचं प्रकरण असेल तर सरळ तिथून सुरुवात करा.

मासे खाणाऱ्यांसाठी: आपली मांदेली अँकोव्हीच्याच कुळातली. सुकी मांदेली डोकं आणि पोट काढून, कोरडी भाजून, दहा-पंधरा मिनिटं उकळून गाळली की पाणी छान उतरतं. चव अगदी तीच नाही, पण रस्सा उभा राहतो. डोकं ठेवलंत तर कडवट होईल.

किमची घरी जमते का? आपल्या उन्हाळ्यात नासणार नाही?

जमते. तिकडे थंडीच्या तोंडावर, नोव्हेंबरच्या सुमारास, घरचे-शेजारचे मिळून हिवाळ्याभराची किमची घालतात. त्याला किमजांग म्हणतात, आणि २०१३ मध्ये युनेस्कोने त्याचीही नोंद घेतली. आपल्याकडे उन्हाळ्यात गल्लीभर पापड-कुरडया पडतात तसाच तो मामला. फरक हवेचा. तिकडे ती आठवडे मुरते, आपल्याकडे मे महिन्यात एका दिवसात फसफसते.

कोबी लांबोळका, नापा किंवा चायनीज कॅबेज नावाने मिळतो तो. साधा पत्ताकोबीही चालतो, तिकडेही त्याची किमची करतात. एक किलोचा गड्डा दोन बोटं रुंद तुकड्यांत कापा, पाण्यातून काढा आणि शंभर ग्रॅम जाडं मीठ देठांकडे जास्त आणि पानांकडे कमी असं चोळा. बारीक मीठ चमच्याने मोजलंत तर दुप्पट पडतं, म्हणून वजन करा. दोन तास ठेवा, मध्ये दोनदा खालीवर करा. झालं की नाही हे घड्याळ सांगत नाही, देठ सांगतो. पांढरा जाड देठ घेऊन वाकवा. कट्‌कन मोडला तर अजून वेळ आहे. चामड्याच्या पट्ट्यासारखा दुमडला तर झालं. मग तीन पाण्यांनी धुऊन चाळणीत तासभर निथळत ठेवा. एक तुकडा खाऊन बघा, कोशिंबिरीपेक्षा थोडा जास्त खारट लागला पाहिजे.

तोवर टेबलचमचाभर तांदळाचं पीठ पाऊण कप पाण्यात शिजवून खळ करा. आकाशकंदिलाला करतो तशीच. ती गार झाली की अर्धा कप गोचुगारू, सातआठ लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, दोन टेबलचमचे फिश सॉस किंवा सोया सॉस, चिमूटभर साखर. त्यात मुळ्याच्या काड्या, कांद्याची पात आणि निथळलेला कोबी. हातमोजे घालून कालवा. काचेच्या बरणीत दाबून भरा, पण वर चार बोटं जागा सोडा.

ही चार बोटं मी सोडली नव्हती. बरणी गळ्यापर्यंत भरली, झाकण घट्ट लावलं आणि फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या डब्यावरच्या कप्प्यात ठेवली. आंबताना वायू सुटतो, रस वर चढतो. सकाळी श्रीखंडाला केशरी रंग आला होता आणि तो केशराचा नव्हता.

पुण्यात एप्रिल-मेमध्ये एक दिवस बाहेर पुरतो, डिसेंबरात दोन-तीन. बरणी ताटात ठेवा, रोज एकदा झाकण सैल करून वायू जाऊ द्या, आणि चमच्याने दाबून कोबी रसाखाली बसवा. कडेला बुडबुडे दिसले आणि आंबूस वास आला की फ्रिजमध्ये. कोरियन घरांत यासाठी वेगळा फ्रिजच असतो. तो का, ते तिसऱ्या दिवशी दही खाताना कळतं.

किमची बिघडली हे कसं ओळखायचं?

आंबट होणं म्हणजे बिघडणं नाही. वर पातळ पांढरा थर आला तर काढून टाका आणि कोबी रसात बुडवा. हिरवी, काळी, केसाळ बुरशी दिसली तर बरणीसकट टाका, मन मोठं करा. खूप आंबट झालेली फेकू नका. किमची-ज्जिगे आणि किमचीचा परतलेला भात जुन्या किमचीचेच चांगले होतात.

द्वेनजांगचा वास सहन होत नाही. सवय होते का?

आमच्याकडे बरणी उघडल्यावर आई आतल्या खोलीतून म्हणाली, "कुणाचे मोजे राहिलेत रे बाहेर?" वास आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण तो उकळल्यावर बदलतो.

तांदूळ धुताना पहिलं पाणी टाका, दुसरं धुवण दोन कप बाजूला काढा. पुस्तकात हे वाचलं तेव्हा मला वाटलं भाषांतरात काही चुकलंय. पण कोरियन घरांत खरंच रश्श्याला तांदळाचं धुवण घेतात, त्याने रस्सा मिळून येतो. त्यात दीड टेबलचमचा द्वेनजांग गाळणीतून घोळवा, बटाट्याच्या फोडी घाला, त्या अर्ध्या शिजल्या की कांदा आणि कोवळ्या दुधीच्या फोडी, शेवटी टोफू आणि एक हिरवी मिरची. वीस मिनिटांत झालं. मीठ घालू नका. आईने चव घेतली, थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "धुवण आम्ही नुसतं तुळशीला घालत आलो." त्या दिवशी ती वाटीभर जास्त जेवली.

मांसाचे पदार्थ?

बुलगोगी म्हणजे मुरवून भाजलेलं पातळ मांस. तिच्या कृतीत गोमांस असेल तिथे चिकनच्या मांड्यांचं मांस पातळ कापून घ्या. चिकनचा प्रकार तिकडेही करतात. मुरवणात किसलेलं पेअर असतं, त्याने मांस मऊ पडतं, आपण कच्ची पपई लावतो तसं. अर्धं पेअर आणि एक तास पुरे.

खास भांडी लागतात का?

नाही. एक चांगली कात्री घ्या. तिकडे किमची, मांस, नूडल्स सगळं कात्रीने कापतात, आणि एकदा सवय लागली की सुरी नकोशी होते. बिबिंबापसाठी पुस्तकात दगडी वाडगा दाखवतात, तो गरम करून तळाशी भाताची खरपुडी आणण्यासाठी. लोखंडी कढईत तिळाचं तेल फिरवून भात दाबा आणि सहासात मिनिटं हात लावू नका. खरपुडीला तिकडे नुरुंजी म्हणतात, आणि तिच्यावर पाणी ओतून उकळून जेवणानंतर पितात. लहानपणी खरपुडीसाठी भांडलेल्या माणसाला कोरिया परका वाटत नाही.

आपल्या घरच्या चवीला सर्वांत जवळचं काय?

बिंदेतॉक. सोललेले मूग भिजवून, भरड वाटून, त्यात चिरलेली किमची आणि मोड आलेले मूग घालून जरा जास्त तेलात सोडलेलं जाड धिरडं. सोलच्या ग्वांगजांग बाजारात याच्या गाड्या प्रसिद्ध आहेत. पीठ आंबवायचं नाही आणि फार बारीक वाटायचं नाही. पावसाळी दिवशी कोरियन माणसाला जॉन आठवतं, आपल्याला भजी. या पावसाळ्यात दोन्ही केली. बिंदेतॉक आधी संपली.

तॉकबोक्की घरी होईल का?

सॉस होईल: गोचुजांग, गोचुगारू, सोया सॉस, साखर, रश्श्याचं पाणी. तांदळाच्या नळ्या विकत आणणं सोपं. पण मोदकाची उकड जमत असेल तर घरी करून बघा. इंद्रायणीचं पीठ, उकळतं पाणी, मीठ. गरम असतानाच भरपूर मळा, बोटाएवढ्या वळ्या करा, वाफवा. विकतच्याइतक्या चिवट होत नाहीत आणि उकळताना कडा विरघळतात. मला आवडतात, भाचीला अजिबात नाही.

पुस्तकाबाहेरचं काही करून बघितलं का?

एकच. हिरव्या आंबट प्लमच्या फोडी आणि तेवढ्याच वजनाची साखर बरणीत भरून शंभर दिवस ठेवतात आणि जो पाक सुटतो तो मुरवणात, कोशिंबिरीत साखरेऐवजी घालतात. त्याला मेशिलचॉंग म्हणतात. ते प्लम इथे कुठून मिळणार? म्हणून मी मे महिन्यात एक किलो कैरी आणि एक किलो साखर भरून ठेवली. आज एकसष्टावा दिवस आहे. साखर सगळी विरघळली, फोडी आक्रसून वर तरंगतायत, रंग फिक्या मधासारखा आला आहे. आई येता-जाता बरणी तिरकी करून बघते आणि विचारते, मुरांब्याला एवढा वेळ लागतो का तुझ्या कोरियात.